गफूरचाचांचं गिऱ्हाईक

माझं अक्षर कुणी वाचावं असं नाही. वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी, हे मास्तरांनी चौथीपर्यंत सांगितलं होतं. पण चौथीनंतर लिहायचं कामच पडलं नाही, त्यामुळं त्या वेलांट्या कुठं गेल्या ते मलाही ठाऊक नाही. चुकलं असेल तर पोटात घालावं. ही वही माझ्या मुलीची, रुक्मिणीची, दुसरीची आहे. मागची पानं कोरी राहिली होती, ती फुकट जाऊ नयेत म्हणून लिहिते. कुणाला दाखवायची नाही.

लिहायचं कारण काल घडलं. शेजारच्या वत्सलानं नळावर तिच्या दोन वर्षांच्या पोराला चापट मारली. ते काहीतरी मागत होतं आणि वत्सला म्हणत होती, "आधी नीट बोल, मग देते." मला सांगायचं होतं की वत्सला, दोन वर्षांच्या पोराकडून एवढं मागू नये, गफूरचाचा असते तर त्यांनी तुलाच पायरीखाली उभं केलं असतं. पण नळावर सहा बायका होत्या. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. घरी आले, भाकरी केल्या आणि वही घेऊन बसले.

गफूरचाचांचं किराणा दुकान दौंडात आमच्या चाळीच्या तोंडाशी होतं. आमचे मालक रेल्वेत खलाशी, म्हणून मी लग्न होऊन निमोण्याहून दौंडला आले. चाचाही मूळचे तिकडचेच, शिरूरचे. त्यामुळं मला ते माहेरचे वाटायचे, पण हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. मी कुणालाच काही बोलून दाखवत नसे. दुकानात गेले की बरणीकडं बोट करायची आणि पैसे ठेवायची.

चाचा अंगानं काटकुळे होते. डोक्यावर जाळीची टोपी, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी बांधलेली. त्यांच्या दुकानात पुडा मिळायला उशीर लागे, कारण ज्या रद्दीत साखर बांधायची तो कागद ते आधी वाचून काढत. "थांबा, ह्या माणसाची म्हैस सापडली का न्हाई ते बघू द्या," म्हणत. कागद बहुधा अर्ध्यातच फाटलेला असे. मग ती म्हैस सापडली की नाही याची काळजी त्यांना दिवसभर पुरे. एखादी वस्तू संपली असली तर "न्हाई" असं ते कधीच म्हणाले नाहीत. "उद्या हाय," म्हणायचे.

पण दुकानाची खरी ओळख म्हणजे फळीपुढं ठेवलेलं लाकडी खोकं. ते खोकं लहान मुलांसाठी होतं. मूल दुकानात आलं की त्यानं खोक्यावर चढायचं आणि काय पाहिजे ते स्वतः सांगायचं. आईनं मधे बोलायचं नाही. मधे बोलली की चाचा हात वर करत. "तू पायरीच्या खाली हो. गिऱ्हाईक हे हाय." मोठ्या बायकांना ते एकेरी हाक मारत, आणि खोक्यावरच्या तीन वर्षांच्या पोराला म्हणत, "बोला शेठ, काय देऊ?"

मुलानं किती स्पष्ट बोलावं, याचं चाचांचं एक माप होतं. पुडे बांधता बांधता ते कुणालाही ऐकवत.

"दोन वर्सांच्या पोराचं आईला कळलं म्हंजी झालं. बाकीच्यांनी कान कशाला टवकारायचे? तीन वर्सांच्याचं शेजारणीला कळावं. समदं न्हाई, पर येळेला पाणी मागितलं तर पाणी मिळावं इतकं. चार वर्सांच्याचं मला कळावं. मी दुकानदार, कुणाचा सगा न्हाई. आन् पाच वर्सांच्याचं टिकिटाच्या खिडकीतल्या बाबूला कळावं. त्यो तर देवाचं बी ऐकत न्हाई!"

कुणी म्हणालं, "पण चाचा, आमच्याला र येत नाही," तर म्हणायचे, "र ची गाडी लेट हाय. रद्द न्हाई. बसा वाट बघत."

मुलाचं बोलणं कळलं नाही तर "नीट बोल" असं ते कधी म्हणत नसत. डोक्यावरची टोपी मागं सरकवून म्हणत, "माझे कान म्हातारे झालेत शेठ, अजून एकदा सांगा." सगळा दोष कानावर घ्यायचे. मूल पुन्हा सांगायचं. चाचा एकेका बरणीवर हात ठेवत जायचे. बरोबर बरणी आली की मूल उड्या मारायचं, आणि चाचा तो शब्द स्वतः एकदा नीट म्हणायचे. "लिमलेटची गोळी. बरं, लिमलेटची गोळी." म्हण म्हणून मागं लागायचं नाही. गोळी हातावर ठेवायची आणि पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं.

त्यांना राग यायचा तो मोठ्यांचा. आमच्या चाळीमागच्या क्वार्टरात एक टी. सी. साहेब राहायचे. सहा फूट उंची, आकडेबाज मिशी. ते डब्यात शिरले की विनातिकीट माणसं दुसऱ्या दारानं उड्या टाकायची. एकदा ते साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन दुकानात आले. मुलगा खोक्यावर चढला. साहेब त्याच्या गालाला गाल लावून म्हणाले, "काय हवंय माझ्या शोन्याला? बिच्किट हवंय? का गोली हवी गोली?"

मुलगा म्हणाला, "बिस्कीट."

चाचांनी बिस्कीट दिलं. मग चष्मा नीट करून साहेबांकडं बघितलं. "पोराचं कळलं साहेब. तुम्ही काय म्हणालात ते न्हाई कळलं. तुम्हाला कितवं वरीस?"

दुकानात आम्ही चारपाच बायका होतो. पदर तोंडात कोंबून उभ्या राहिलो. साहेबांच्या मिशीचे आकडे खाली आले. पण दुसऱ्या दिवसापासून ते मुलाशी माणसासारखं बोलायला लागले, हेही खरं.

आता रुक्मिणीचं सांगते. तिचं नाव सासूबाईंनी ठेवलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. रुक्मिणीला ते नाव काही केल्या म्हणता यायचं नाही. नावच काय, काहीच म्हणता यायचं नाही. बोलायची भरपूर. सकाळी उठल्यापासून टकळी सुरू. पण ती काय बोलते ते जगात एकट्या मला कळे. तिच्या वडलांना चार शब्द कळत, आणि त्यातले दोन चुकीचे असत. मला मात्र सगळं कळायचं. ती बोलायची आणि मी लगेच सांगायची, "ती म्हणते भूक लागली. ती म्हणते मांजर पळालं. ती म्हणते आत्याबाईंनी तिचा बत्तासा खाल्ला."

ती चार वर्षांची झाल्यावर मी तिला पहिल्यांदा खोक्यावर उभी केली. ती काहीतरी म्हणाली. मी पायरीवरून हळूच म्हणाले, "खारे दाणे."

चाचांनी मान वळवली. "हे कोण बोललं?"

मी मान खाली घातली.

"बेटी, पाच वर्सं झाली तू माझ्या दुकानात येतीस. आज पयल्यांदा तुझा आवाज ऐकला. त्यो बी तुझ्यासाठी न्हाई, हिच्यासाठी." आणि हसून म्हणाले, "दुभाषी झकास हाय. पर साहेब कुठं हाय? साहेबाला तोंड उघडू दे की."

त्या दिवशी रुक्मिणीचं त्यांना काही कळलं नाही. सगळ्या बरण्या झाल्या. ती रडली. चाचांनी खारे दाणे दिले, पण त्यांच्या कपाळावर आठी पडली ती मी पाहिली.

आठी सगळ्यांच्याच कपाळावर होती. आत्याबाईंनी तिच्या जिभेला मधातून वेखंड चोळलं. नंतर कुणीतरी सांगितलं की पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की मूल बोलायला लागतं. क्वार्टरात गार्डसाहेबांच्या आईकडं पोपट होता. ती म्हातारी एका उष्ट्या पेरूमागं ओंजळभर शेंगदाणे घ्यायची. आत्याबाई निमोण्याचे, माझ्या माहेरून आलेले शेंगदाणे तिला नेऊन देत. महिनाभर हे चाललं.

चाचांना कळलं तेव्हा त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "पोपट किती वर्सांचा?"

"असंल अकरा वर्सांचा."

"आन् बोलतो काय काय?"

आत्याबाईंनी हळूच सांगितलं. तो पोपट एकच बोलायचा, "चल हट."

"म्हंजी अकरा वर्सांत दोन शब्द," चाचा म्हणाले. "आमची रुक्मिणीबाई त्याच्या पुढं हाय की."

पण आत्याबाईंनी ऐकलं नाही. आणि एका सकाळी मामंजी, म्हणजे माझे सासरे, कामावर निघायच्या आधी उंबऱ्यात बसून विडी ओढत होते. रुक्मिणीला बाहेर जायचं होतं. ती मामंजींच्या मागं उभी राहिली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाली, "चल हट!"

आत्याबाई आतून पळत आल्या. "बोलली! माझी बाय बोलली!" त्यांनी तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मामंजी विडी हातात धरून नुसते बघत होते. ते म्हणाले, "मला हट म्हणाली आन् तुम्ही ओवाळताय?" त्यानंतर पेरू बंद झाले.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पाडव्याला मात्र हसू संपलं. पाडव्याला शाळेत नाव घालायला आम्ही रुक्मिणीला नेलं. पाच वर्षं पुरी झाली होती. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "नाव काय बाळ तुझं?" तिनं सांगितलं. त्यांनी परत विचारलं, तिनं परत सांगितलं. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "तुम्ही नका सांगू बाई. वर्गात तुम्ही असणार आहात का? साठ पोरं आहेत." मग मामंजींना बाजूला घेऊन म्हणाले की जून उजाडेस्तोवर हिला नाव तरी सांगता आलं पाहिजे, नाही तर पुढच्या वर्षी बघू. जीभ एकदा दाखवून आणा.

हे ऐकून मामंजींनी ठरवूनच टाकलं. पोरीच्या जिभेखाली तार आहे, ती कापायची. कासुर्डीकडं एक म्हातारा होता, तो वस्तऱ्यानं तार कापतो असं त्यांनी ऐकलं होतं. बाजार झाला की न्यायचं. आत्याबाई हो म्हणाल्या. मालक ड्यूटीवर निघून गेले. मलाही नको म्हणता आलं नाही. पण दोन दिवस मी तिला डोळ्याआड होऊ दिलं नाही. रुक्मिणीनं जीभ बाहेर काढून मला वेडावलं की मला तो वस्तराच दिसायचा.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. बोट केलं नाही. फळीला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "चाचा, रुक्मिणीची जीभ कापणार आहेत."

एवढंच बोलले. चाचांनी हातातला पुडा ठेवला. कागद वाचायचा राहिला. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून फळ्या लावल्या. चाचांचं दुकान बाजाराच्या दिवशी बंद झालेलं दौंडात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. कोण गेलं, असं लोक विचारायला लागले.

आमच्या घरी ते पहिल्यांदाच आले. बरोबर काकवीची वाटी होती आणि गोळ्यांची एक बरणी. मामंजींना म्हणाले, "आबा, कापायच्या आधी जीभ बघू तर द्या. मी दुकानदार हाय. माल बघितल्याबिगर मी बोलत न्हाई."

रुक्मिणीला समोर बसवली. तिच्या वरच्या ओठावर, पार नाकाच्या बुडाशी, त्यांनी बोटानं काकवी लावली. "चाटा रुक्मिणीबाई."

रुक्मिणीनं जीभ काढली आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत फिरवून काकवी साफ केली. परत ओठ पुढं केला.

"तार आखूड असती तर जीभ वर चढली असती का?" चाचा म्हणाले. "बघा, नाकाला टेकली. आता आबा, तुम्ही बसा."

"म्या?"

"बसा तर."

मामंजींना काय वाटलं कोण जाणे, ते बसले. चाचांनी त्यांच्या मिशीच्या वर काकवी लावली. मामंजींनी पुष्कळ खटाटोप केला. डोळे वर गेले, मान वाकडी झाली, पण जीभ मिशीपाशीच अडकली. मग आत्याबाई बसल्या. त्यांची तर ओठाबाहेरच येईना. मालक नुकतेच ड्यूटीवरून आले होते, त्यांनी दारात हे बघितलं आणि न विचारताच ओठाला काकवी लावून घेतली. त्यांचीही पोचली नाही.

चाचा गंभीरपणे म्हणाले, "आबा, ह्या घरात तीन जिभा कापाव्या लागतील. रुक्मिणीबाईची तेवढी राहू द्या."

मामंजी मिशी पुशीत उठले. हसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण काकवी डोळ्यापर्यंत गेली होती, आणि आत्याबाई भिंतीला धरून हसत होत्या.

मग चाचा तिच्या पाठीमागं गेले आणि बरणीचं झाकण अगदी हळू फिरवलं. रुक्मिणी झटकन वळली. "कान बी तयार हायेत," ते म्हणाले. "जीभ हाय, कान हायेत. तरी उशीर झालाय, खोटं सांगणार न्हाई. ह्या वयाला माझ्यासारख्या परक्याला कळायला पायजे. जूनपातुर मला द्या. मग बी न्हाई जमलं तर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, पर त्या वस्तऱ्यापाशी नको."

मामंजी म्हणाले, "तुम्ही काय औषध देणार?"

"उधारी," चाचा म्हणाले.

जाताना ते मला दाराबाहेर म्हणाले, "बेटी, तुझी चूक न्हाई. पर तू हिच्या तोंडात जाऊन बसलीस. जरा भाईर ये. तिला जागा होऊ दे." मग म्हणाले, "मी सात वर्सांचा होईस्तोवर अडखळत व्हतो. माझा बाप दर अडखळीला एक थप्पड द्यायचा. थपडा मोजून तो दमला. अडखळ काय गेली न्हाई. माझ्या चुलत्यानं एकदा सारं काम टाकून मी काय म्हणतो ते ऐकून घेतलं, तवापासनं सुटलो." चाचा इतकं सावकाश का बोलतात, ते मला त्या दिवशी कळलं.

उधारीचं औषध असं होतं. चाचांनी निळ्या वहीत रुक्मिणीच्या नावाचं पान उघडलं. रोज तिनं पाच पैशांचा जिन्नस न्यायचा. पण आधी तीन गोष्टी सांगायच्या, नाव काय, काय पाहिजे, आणि कालपर्यंतची उधारी किती. पैसे दुसऱ्या कुणाकडून घ्यायचे नाहीत. जूनमध्ये तिनं स्वतः, सगळा आकडा सांगून, फेडायचे.

मामंजी रोज चिडायचे. "आमच्या घरात कुणी उधारी केली न्हाई. आन् हिला पाचव्या वर्सी कर्जात घातली." पण संध्याकाळी तेच तिला विचारायचे, "किती झाली गं?"

माझं काम पायरीखाली गप्प उभं राहायचं. मी जन्मभर गप्प राहिलेली बाई, मला हे सोपं जायला पाहिजे होतं. पण तसं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही. ती खोक्यावर चढायची, बोलायची, चाचा टोपी मागं सारायचे. "कान म्हातारे झालेत, अजून एकदा." मला कळलेलं असायचं. शब्द माझ्या दातांपर्यंत यायचा. मी पदर तोंडात धरायची. पहिले आठ दिवस तिचा एक शब्द पुरा कळला नाही. ती माझ्याकडं वळून बघायची, आणि मी गटाराकडं बघायची. एकदा ती रागानं खोक्यावरून उतरून घरी निघून गेली. चाचा म्हणाले, "जाऊ दे. गिऱ्हाईक रागावलं तरी उद्या येतं. दुसरं दुकान लांब हाय."

ती आली. हळूहळू चाचांचा हात बरण्यांवर कमी फिरायला लागला. आधी 'पैसे' कळलं. मग 'गोळी' कळलं. एक दिवस तिनं सांगितलं "दीड लुपया" आणि चाचांनी एकदाही "अजून एकदा" म्हटलं नाही. वहीत लिहून मान वर केली आणि म्हणाले, "दीड रुपया. बरोबर." तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती गोळी घेऊन पळाली. मी तिथंच उभी राहिले. चाचांनी मला विचारलं, "तुला काय पायजे?" मी म्हणाले, "पावशेर साखर." बोट करायला मी विसरले होते.

जून चार दिवसांवर आला असताना एका सकाळी दुकानाला फळ्या लावलेल्या दिसल्या. चाचांचे दात आधीपासून दुखत होते, आता हिरड्याही सगळ्या सुजल्या होत्या. त्यांच्या शिरूरच्या मुलीनं येऊन त्यांना नेलं. रुक्मिणी बंद दुकानासमोर खोक्यावर चढून उभी होती. खोकं बाहेरच राहिलं होतं. मी तिला म्हणाले, "उद्या हाय."

शाळेत हेडमास्तरांनी तेच विचारलं. "नाव काय बाळ?" मामंजी माझ्याकडं बघत होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

ती म्हणाली, "लुक्मिनी." हेडमास्तर कान पुढं करून म्हणाले, "काय?" रुक्मिणीला ते नवीन नव्हतं. तिनं त्यांच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि सावकाश, एकेक अक्षर फळीवर ठेवल्यासारखं म्हणाली, "लु-क्मि-नी. तुमचे कान म्हाताले झालेत का?"

मामंजींनी कपाळाला हात लावला. हेडमास्तर मात्र हसले. वही ओढून त्यांनी लिहिलं, रुक्मिणी. "हिला वर्गात पुढं बसवू," म्हणाले. "बोलेल ही. फार बोलेल."

उधारी मात्र राहिली. तीन रुपये पंधरा पैसे. आत्याबाई म्हणायच्या, ते कुठं मागायला येणार आहेत. रुक्मिणी रोज शाळेतून येताना बंद फळ्यांकडं बघून यायची. पण दिवाळीला आम्ही माझ्या माहेरी निघालो तेव्हा मामंजींनी रुमालात बांधलेले पैसे रुक्मिणीच्या हातात दिले. रुपयाची तीन नाणी, एक दहा पैशांचं आणि एक पाच पैशांचं. मी हात पुढं केला तर मला म्हणाले, "तुमच्या नावावर न्हाई. तिच्या नावावर हाय."

निमोण्याहून भावाबरोबर आम्ही शिरूरच्या बाजाराला गेलो. चाचांचा जावई बाजारात बांगड्या विकायचा. त्याच्या दुकानाच्या पायरीवर चाचा बसले होते. तीच टोपी, तीच सुतळी. गाल मात्र आत गेले होते. सगळे दात काढलेले, आणि कवळी पुण्याहून यायची होती. रुक्मिणीला बघून ते उठले आणि काहीतरी बोलले. एक अक्षर कळलं नाही. त्यांची मुलगी आतून म्हणाली, "अब्बा म्हणतायत, मोठी झाली."

रुक्मिणीनं तिच्याकडं हात वर केला. "तुम्ही मधे बोलू नका. पायलीखाली व्हा."

ती बिचारी हातातल्या बांगड्या घेऊन खरंच खाली उतरली. चाचांचे खांदे हलायला लागले.

रुक्मिणी पायरीवर चढली. तिथं खोकं नव्हतं, तरी ती टाचा उंच करून उभी राहिली. "माझं नाव लुक्मिनी. उधाली तीन लुपये पंधला पैसे." आणि रुमाल सोडला. एक रुपया, दोन रुपये, तीन रुपये. त्यांच्या तळहातावर ठेवत गेली. मग दहा पैसे. पाच पैशांचं नाणं तिनं मुठीतच धरलं आणि विचारलं, "मिळाले का?"

चाचा काहीतरी म्हणाले.

"माझे कान म्हाताले झालेत," ती म्हणाली. "अजून एकदा सांगा."

चाचांनी टोपी मागं सारली. हिरड्या जुळवल्या, ओठ आवळले, परत म्हणाले. नुसता वारा आला. बाजार चालला होता, लोक आमच्या अंगावरून जात होते. मला कळलं होतं ते काय म्हणतात ते. मी पदर तोंडात धरला. चाचांची मुलगी खाली उभी राहून माझ्याकडं बघत होती, मी तिला मानेनं 'नको' म्हणाले.

चाचा रुक्मिणीपुढं वाकले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, हसून की कशानं ते मला सांगता येत नाही. अगदी सावकाश, एकेक अक्षर धरून आणल्यासारखं, ते तिसऱ्यांदा म्हणाले, "मि-ळा-ले. सारे मिळाले, रुक्मिणीबाई."

"कळलं," रुक्मिणी म्हणाली, आणि मूठ उघडून शेवटचे पाच पैसे तिनं त्यांच्या हातावर ठेवले.